साठ पेणवाले

आधीच सांगून ठेवते. ही गोष्ट ऐकून कोणी माझ्याकडचे पापड घ्यायचं बंद करू नका. पापडांचा यात काडीचा दोष नाही. दोष असलाच तर माझ्या कानांचा आहे, आणि पापड काही कानांनी लाटत नाहीत.

चहा घ्या, निवतोय. तर माझी अशी फजिती झाली, की अजून रोह्याच्या बाजारातून जाताना एका दुकानासमोरून मी पदर पुढे ओढून जाते. वय माझं सत्तेचाळीस. या वयात बाईमाणसाने व्हिडिओ गेमच्या नादाला लागावं का? नाही ना? पण ऐका तर.

माझं सासर पेणचं, माहेर अष्टमीचं. अष्टमी म्हणजे रोह्याहून कुंडलिकेचा पूल ओलांडला की लगेच. तिथे आमच्या घराच्या भिंतीला भिंत लागून नसीमचं घर. नसीम आणि मी एका वर्गात, एका बाकावर, आणि मार खाताना एका रांगेत. तिचे अब्बा कुवेतला नोकरीला होते. आम्ही सातवीत असताना ते सुट्टीवर आले आणि येताना टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम घेऊन आले. आख्ख्या आळीत तो पहिला.

त्याच्याबरोबर एक पिवळी कॅसेट होती. ज्या डबीत गेम असायचा तिला आम्ही कॅसेट म्हणायचो आणि हातात धरायच्या बटणांच्या पट्टीला रिमोट. हा 'रिमोट' शब्द लक्षात ठेवा, पुढे माझा घात त्यानेच केला. कॅसेटवरचं नाव कुठल्या भाषेत होतं देव जाणे, आम्हाला कधी वाचता आलं नाही. आत दोन गडी. एक लाल छत्रीवाला, एक निळा छत्रीवाला. दोघांनी पळायचं, खड्ड्यांवरून उड्या मारायच्या, कलिंगडं गोळा करायची.

लाल मी, निळा नसीम. आणि आता तुमच्यापासून काय लपवायचं, इतकी वर्षं खेळलो पण मी तिला एकदाही हरवलं नाही. तिचा डावा अंगठा असा चालायचा की तिचा गडी खड्ड्याकडे ढुंकूनही बघायचा नाही. माझा गडी खड्ड्यातच राहायला होता.

पुढे लग्न होऊन मी पेणला आले, चार बायका जमवून पापडाचा धंदा काढला. नसीम तिच्या नवऱ्याबरोबर, इक्बालभाईंबरोबर, कुवेतला गेली. फोन चालू असायचे, ईदला आणि दिवाळीला डबे चालू असायचे. आणि यंदा एका सकाळी बातमी आली की नसीमला झटका आला. डावी बाजू गेली. जिवावरचं शेपटावर निभावतं म्हणतात, तिचं डाव्या हातावर निभावलं.

इक्बालभाईंना नोकरी सोडता येईना, म्हणून तिला आईकडे अष्टमीला आणून ठेवली. हळूहळू बोलणं सुधारलं, पाय सुधारला, चार बोटं थोडी हलायला लागली. अंगठा मात्र ढिम्म. फिजिओवाल्या मॅडमनी बजावलं होतं, अंगठ्याला रोज काम द्या, नाही दिलंत तर तो काम विसरेल. त्यासाठी त्यांनी एक रबरी चेंडू दिला होता. तो नसीमने तिसऱ्या दिवशी खिडकीतून कोंबड्यांच्या अंगावर फेकला.

मी भेटायला गेले तेव्हा कुवेतहून व्हिडिओ कॉल आला. फोन वाजल्याबरोबर नसीमने उजव्या हाताने डावा हात उचलला आणि ओढणीखाली सरकवला.

"हात कसा हाय?" इक्बालभाईंनी विचारलं.

"बरा हाय."

"दाखव की."

"आता भरलाय, तेल लावलंय. नंतर बघा."

फोन बंद झाल्यावर मी म्हटलं, "लपवतेस कशाला गो?"

"तिकडे एकटे हायत ते. बघितलं की दोन दिवस जेवायचे नाय." मग माझं तोंड पडलेलं बघून, मला बरं वाटावं म्हणून हसत म्हणाली, "आपली छत्रीवाली गेम असती ना वंदे, तर हा मेला अंगठा झक मारत उठला असता."

झालं. माझ्या डोक्यात किडा वळवळला.

नसीमची आई, जिला मीही अम्मीच म्हणते, तिने हे ऐकलं. अम्मी ऐंशीच्या घरात आहे, डोळे अजून सुईत दोरा ओवतील असे आणि जीभ त्या सुईसारखी. ती उठली आणि फडताळातून कुवेतच्या चॉकलेटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. मशीन केव्हाच गंजून भंगारात गेलं होतं, पण ती पिवळी कॅसेट आणि दोन्ही रिमोट तिने कापडात गुंडाळून ठेवले होते.

नसीमने आपला डावा हात उचलून एका रिमोटवर ठेवला. चार दिशांचं जे बटण डाव्या अंगठ्याखाली येतं, ते तिच्याच अंगठ्याने झिजून गुळगुळीत झालं होतं. अंगठा हलला नाही. पण तिने रिमोट खालीही ठेवला नाही.

"आठ दिवस दे," मी म्हटलं. "मशीन आणते."

मशीन मी मोबाइलवरून मागवलं. तिथे लिहिलं होतं, जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल, जुन्या सगळ्या कॅसेट चालतात. आता मी स्वतः पापडाच्या पाकिटावर 'सगळ्यांना आवडतात' असं छापते. 'सगळ्या' या शब्दाचा अर्थ मला कळायला नको होता का?

खोकं आलं. मशीन दिसायला थेट जुन्यासारखं. बरोबर दोन नवे रिमोटही होते, पण ते चकचकीत आणि कडक. नसीमच्या अंगठ्याची ओळख जुन्याशी, म्हणून नवे मी खोक्यातून काढलेसुद्धा नाहीत. कॅसेट लावायला गेले, तर मशीनची खाच मोठी आणि कॅसेट लहान. थोरल्या भावाच्या चपलेत पाय घातल्यासारखी ती आत डुगडुगायला लागली. टीव्हीवर नुसतं करडं. मग फुंकर मारली. आमच्या लहानपणी कॅसेट चालली नाही की तिच्या तोंडात फुंकर मारायची, की चालायची. मी इतक्या फुंकरा मारल्या की मलाच चक्कर आली.

पेणच्या टीव्हीवाल्याने हात वर केले. म्हणाला, "काकू, रोह्याला दत्ता मिस्त्री आहे. जुन्या गेमचं तो एकटाच करतो." आणि नंबर दिला.

आता इथून पुढे नीट ऐका.

मी त्या दिवशी पेणजवळच्या जिते गावात एका दुकानात पापड टाकायला गेले होते. परत यायला स्टेशनवर उभी होते, म्हटलं गाडी येईपर्यंत फोन करून घेऊ. आता हा दत्ता मिस्त्री खाडीकाठच्या गावातला. तिकडच्या बोलीत ण चा न होतो. पाण्याला पानी, लोण्याला लोनी, आणि आमच्या पेणला पेन. सासरी येऊन इतकी वर्षं झाली, त्यामुळे कोणी 'पेन' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर लिहायचं पेन येत नाही, आमचं गावच येतं.

मी त्याला मशीनचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "घेऊन या, बघतो." आणि नेमकी तेव्हाच शेजारून मालगाडी सुटली. त्या धडधडाटात मला जे ऐकू आलं ते शब्दाला शब्द सांगते.

"येताना साठ पेनवाले आना. आनि पापड जुने चालायचे नाय, नवेच लागतील."

मी गाडीच्या वरताण ओरडले, "साठच ना?"

"व्हय, साठच. बहात्तर नको."

तुम्हाला वाटेल, हिला शंका कशी आली नाही? अहो, कशाला येईल? पेणहून येणाऱ्या माणसाकडे लोक दोनच गोष्टी मागतात, गणपती नाहीतर पापड. उलट माझं नशीब की मला गणपती ऐकू आले नाहीत, नाहीतर मी टेम्पो केला असता. साठ का आणि बहात्तर का नकोत, हे काही मी विचारलं नाही. असतो एकेका गिऱ्हाइकाचा आकडा. फक्त 'जुने चालायचे नाय' हे मला जरा लागलं. आमच्याकडचा पापड जुना? आठवड्याच्या वर घरात थांबत नाही तो.

दुसऱ्या दिवशी लाटायला बसलो, उन्हं दाखवली, साठ मोजले, दहा-दहाची पाकिटं केली. एका पिशवीत पापड, एका पिशवीत खोक्यासकट मशीन आणि तो चॉकलेटांचा डबा, अशी मी रोह्याला दत्ता मिस्त्रीच्या दुकानात हजर झाले.

माणूस सज्जन दिसला. चाळिशीचा, चष्मा कपाळावर, समोर उघडलेला टीव्ही.

"साठ पिनवाले आनलेत?" त्याने विचारलं.

"आणलेत तर," मी म्हटलं, आणि सहाच्या सहा पाकिटं त्याच्या टेबलावर रचली. "मोजून घ्या."

त्याने चष्मा खाली घेतला. "ह्ये काय?"

"साठ."

"पापड?"

"पेणवालेच आहेत. आमच्या घरचेच."

तो पापडांकडे बघायला लागला, मग माझ्याकडे, मग परत पापडांकडे. शेजारचा चपलांचा दुकानदार काय झालं म्हणून डोकावला.

"ताई," दत्ता मिस्त्री हळू आवाजात म्हणाला, आजाऱ्याशी बोलतात तसा, "पिन. पि आनि न. कॅसेटीला खाली दात असतात ना बारीक, त्यांना पिन म्हनतात. जुने गेम दोन जातीचे, साठ पिनवाले आनि बहात्तर पिनवाले. त्यातले साठवाले असतील तर आना, म्हनलो."

चपलांचा दुकानदार हसत हसत खाली बसला. मग उठून पलीकडच्या किराणावाल्याला सांगायला गेला. तिथून बातमी मटणवाल्याकडे गेली असणार, कारण मी तिथे असेपर्यंत पाच जण 'जरा वायर बघायला' म्हणून येऊन मला बघून गेले.

दत्ता मिस्त्री मात्र हसला नाही. निदान माझ्यासमोर नाही. त्याने डब्यातली कॅसेट काढून बघितली आणि सांगितलं की कॅसेट साठ पिनची आणि माझ्या मशीनची खाच बहात्तरची. म्हणजे साठ दातांच्या बाईला बहात्तर दातांची कवळी बसवायला मी निघाले होते. मधे लावायचा एक जोड त्याच्याकडे होता. तो लावला, कॅसेट घट्ट बसली, आणि दुकानातल्या टीव्हीवर छत्र्या आल्या.

पण कशा? एक हिरवी आणि एक जांभळी. गाणं वाजायचं ते शेळीला कोणी शेपटीला धरल्यासारखं. आणि जिथे अक्षरं यायची तिथे नुसत्या ठिकऱ्या.

"हे असं का?"

"नक्कल हाय ना ताई. वरून तसंच, आतली चिप येगली. काय गेम झकास चालतात, काय रुसतात. तुमची जरा रुसलीय. पन खेळता येल." त्याने सगळं पिशवीत भरून दिलं आणि म्हणाला, "आनि फोनवर जुन्यांचं सांगतलंय, ते ध्यानात हाय ना?"

मी ताठ उभी राहिले. एवढी शोभा झाली तरी धंद्याची इज्जत असते. म्हटलं, "अहो, कालच लाटलेत. एक जरी जुना निघाला तर नाव बदलीन."

त्याने तोंड उघडलं होतं काहीतरी बोलायला, पण तेवढ्यात एक बाई जळका मिक्सर घेऊन आली आणि त्याचं बोलणं राहिलं. मी एक पाकीट त्याला ठेवून घ्यायला लावलं, उरलेली उचलली आणि पूल ओलांडून अष्टमी गाठली.

अम्मीने टीव्हीवरचं क्रोशाचं कापड बाजूला केलं. मी मशीन जोडलं. जुन्या रिमोटच्या वायरी नव्या मशीनच्या खाचेत अशा चपखल बसल्या की मला दत्ता मिस्त्रीला फोन करून सांगावंसं वाटलं, बघा, हे एक तरी जमलं मला. नसीमच्या मांडीवर उशी, उशीवर रिमोट, रिमोटवर तिचा हात. मी बटण दाबलं. आधी काही झालं नाही. मग ठिकऱ्या गेल्या आणि दोन गडी छत्र्या घेऊन पळायला लागले.

"माझा कुठला?" नसीमने विचारलं. लाल नाही, निळा नाही, बिचारी काय ओळखणार?

"खेळ तर, आपोआप कळेल."

पहिला खड्डा आला. नसीमचे दात ओठात. "दाब गो," मी ओरडले, "दाब, दाब." आणि हिरवा गडी टुणकन पलीकडे.

"गेला," ती म्हणाली. "वंदे, गेला तो. मी दाबलं आणि गेला."

मग काय विचारता. आम्ही सातवीत गेलो. हिरवा पळतोय, जांभळा पळतोय, शेळी ओरडतेय. पुढे एका रुंद खड्ड्यात हिरवा पडला आणि जांभळा पार शेवटपर्यंत पोचला. तेव्हा कळलं, हिरवा नसीमचा आणि जांभळा माझा. कसं कळलं? अहो, जिंकला तो माझा, यात कळायचं काय?

दुसऱ्या डावातही जांभळा जिंकला. तिसऱ्यातही. आजारी मैत्रिणीला हरवून नाचणारी बाई तुम्ही बघितली नसेल तर बघून घ्या, समोर बसलीय. मी अम्मीला सांगितलं की मला खेळ येत होता, लहानपणी मी नसीमला जिंकू द्यायचे. नसीमने उशी फेकून मारली असती, पण हात कामात होते.

तेवढ्यात फोन वाजला. इक्बालभाई. आणि नसीमने काय करावं? तिने ओढणी ओढली नाही. हात तसाच रिमोटवर ठेवून ती म्हणाली, "वंदे, उचल फोन. दाखव त्यांना."

मला एकदम भरून आलं. मी फोन उचलला आणि सांगितलं, "इक्बालभाई, बघा तुमची बायको काय करतेय. गेम खेळतेय. अंगठ्याने खड्डे ओलांडतेय." आणि फोन टीव्हीसमोर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला, म्हणजे त्यांना सगळा खेळ दिसावा. तिकडून काही आवाज येईना. मला वाटलं, भारावले असतील.

आमचा चौथा डाव सुरू झाला. अम्मीने तोवर पापड तळले होते. ती ताट घेऊन आली, खुर्चीत बसली आणि टीव्हीकडे बघायला लागली. मगाशीही ती दारातून बघतच होती.

"वंदू," ती म्हणाली, "हा मेला दर वेळेला त्याच खड्ड्यात कसा पडतो?"

"तो खड्डा कठीण आहे अम्मी."

"आणि तुझा तो तिसऱ्या कलिंगडाशी थांबून मागे बघतो. दर वेळेला. काय बघतो तो?"

"दम खातो," मी म्हटलं. ताटातला एक पापड उचलला आणि मोडला.

"तू पापड खातेस," अम्मी म्हणाली, "मग त्याला पळवतंय कोण?"

मी खाली बघितलं. माझा रिमोट सतरंजीवर पडला होता. एका हातात पापड, दुसऱ्या हातातही पापड. आणि जांभळा गडी डौलात, न चुकता, कलिंगडं वेचत चालला होता.

मी हळूच हात पुढे केला आणि माझ्या रिमोटची वायर मशीनमधून उपटली. जांभळा पळतच होता. मग नसीमची उपटली. हिरवा टुणकन खड्ड्यापलीकडे गेला.

आणि तेव्हा, इतक्या उशिरा, माझ्या डोक्यातली मालगाडी निघून गेली आणि दत्ता मिस्त्रीचे शब्द स्वच्छ ऐकू आले. पापड नव्हे हो. पॅड. आम्ही ज्याला रिमोट म्हणायचो त्याला दुकानात पॅड म्हणतात. 'पॅड जुने चालायचे नाय, नवेच लागतील.' दोनदा सांगितलं होतं त्या माणसाने, आणि मी त्याला पापडांची हमी दिली होती. खेळ सुरू व्हायच्या आधी मशीन एक नमुना आपलं आपण खेळून दाखवतं, पुन्हा पुन्हा तोच. तो नमुना बघत आम्ही अर्धा तास बटणं दाबत बसलो होतो.

मी नसीमकडे बघितलं आणि वाटलं, कुंडलिका जवळ आहे, जावं आणि उडी मारावी. तिचा चेहरा विझला होता. तिने ओढणी ओढली आणि डावा हात खाली घेतला.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "मला ऐकू नीट आलं नाही. तुला उगाच आशा लावली."

"असूदे गो," ती म्हणाली. असं म्हणाली की मार परवडला असता.

"अरे, काय झालं?" तांब्याजवळून आवाज आला. इक्बालभाई फोनवर होते हे आम्ही विसरूनच गेलो होतो. "हात का झाकला?"

मीच सांगितलं. "भाई, खेळ खोटा होता. मशीन एकटंच खेळत होतं. आम्ही नुसतं बघत होतो."

"कुठला खेळ?" ते म्हणाले. "मला टीव्ही दिसलाच नाय. वंदनाताई, तुम्ही फोन उलटा ठेवलाय."

मी बघितलं. खरंच, फोनचं तोंड नसीमकडे होतं. एवढी साधी गोष्ट मला जमली नव्हती.

"मला मघापासून नुसता तिचा हात दिसतोय," इक्बालभाई म्हणाले, आणि त्यांचा आवाज चिरकला. "आणि तिचा अंगठा चालतोय. नसीम, तुला ठाऊक नाय काय? मी मोजायला लागलो, मग मोजायचं सोडून दिलं."

आम्ही तिघी टीव्हीकडे बघत होतो हो. हाताकडे कोणी बघितलंच नव्हतं.

नसीमने ओढणी बाजूला केली. वायर उपटलेला तो रिमोट पुन्हा मांडीवर घेतला. अंगठा त्या झिजलेल्या बटणावर ठेवला आणि डोळे त्याच्यावर रोखले. तो हलला. तांदळाच्या दाण्याएवढा, पण हलला. मग पुन्हा एकदा. अम्मीने तोंडाला पदर लावला आणि मी सरळ रडले. पापड हातात धरूनच रडले.

मग डोळे पुसून मी खोक्यातले नवे पॅड काढले. कडक होते, चकचकीत होते, पण लावल्याबरोबर गडी जागच्या जागी उभे राहिले आणि आमची वाट बघायला लागले. आता खरा खेळ. इक्बालभाईंचा फोन अम्मीने धरला, सरळ.

नसीमचा गडी एक पाऊल चालला, थांबला, दुसरं टाकलं, आणि थेट पहिल्याच खड्ड्यात.

"पडला," अम्मी म्हणाली.

"पडला," नसीम हसत म्हणाली, आणि किती दिवसांनी तसं हसली ती, "पण मी पाडला."

आणि माझा? माझे दोन्ही हात धडधाकट, मागचे तीन डाव लागोपाठ जिंकलेली मी. माझा गडी तिच्याही आधी त्याच खड्ड्यात जाऊन बसला होता. मी पुन्हा लावला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा तर खड्डा यायच्या आधीच उडी मारली आणि बरोब्बर आत.

नसीम जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "वंदे, तू आपली वायर काढून खेळ. वायर काढली की तू बरी खेळतेस."